निळा चिमटा

...आणि त्याची स्प्रिंग गंजलेली होती, म्हणजे नीट पाहिलं तर गंज नव्हे, गंजाच्या आधीचा तो तपकिरी डाग; पण तेवढ्यावरूनही आईच्या मनात धनुर्वाताची सुई, दवाखाना, बाकावरची रांग असं सगळं येऊन उभं राहिलं — कपडे वाळत घालायचा साधा निळा चिमटा, ठकीनं तो स्वतःच्या फ्रॉकच्या गळ्याला लावून घेतलेला, हनुवटीच्या खाली, कातडीपासून जेमतेम दोन बोटांवर. टोपलीत लाल होते, पिवळे होते, एक पांढराही होता. हिला निळाच लागायचा. गेले दहा-बारा दिवस रोज सकाळी हेच. दूध पिऊन झालं की टोपलीपाशी जायचं, निळा शोधायचा, दोन्ही हातांनी दाबून, ओठ आवळून तो गळ्याला अडकवायचा आणि आईच्या समोर येऊन उभं राहायचं.

"चिमटेल ना गं राणी," ती म्हणाली आणि तिनं तो काढून घेतला.

ठकी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं... तिनं नुसतं वर पाहिलं. तोंड किंचित उघडलेलं होतं ते हळूच मिटलं, जाणाऱ्या माणसानं आवाज न करता दार ओढून घ्यावं तसं. आणि आईला लगेच कळलं — तहान लागलीय. तिनं पेला पुढे केला. ठकी प्यायली. म्हणजे तहानच होती. तहान नसती तर प्यायली असती का?

ओट्याच्या कोपऱ्यात, मिठाच्या डब्यामागे, तिची वही असायची. तिनं ओल्या हातानंच लिहिलं: 'चिमटा, निळा. पुन्हा. आईला चिकटून राहण्याची इच्छा? जाऊ नकोस? (पाहा : पान नऊ, पदर धरणे.)'

ठकीला सव्वादोन वर्षं पूर्ण झाली होती आणि तिनं अजून एकही शब्द उच्चारला नव्हता. 'आई' नाही, 'बाबा' नाही, साधं 'नको'सुद्धा नाही. कान तपासून झाले होते; डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, दोन महिन्यांनी पुन्हा आणा, तोवर थोडी वाट बघा. वाट बघा! जसं काही ती एवढे दिवस दुसरं काही करत होती. वाट बघता बघता तिनं वही भरत आणली होती. खालच्या सुरातला 'अं' म्हणजे पाणी. नाकातून वर चढत जाणारा 'अं' म्हणजे दिवा लाव. बोटं उघडमीट करणं म्हणजे केळं, पण डाव्या हाताची बोटं असतील तर बाहेर जायचंय. नवरा एकदा वही चाळून म्हणाला होता, "मूळ संहिता चार अक्षरांची आणि तुझ्या टीपा चाळीस पानं. अगं, तू तिची आई आहेस की भाष्यकार?" तिला हसू आलं होतं आणि रागही. पण ते खरंच होतं. तिला ठकी वाचता येत होती. अख्ख्या जगात एवढ्या बारकाईनं तिला दुसरं कुणी वाचत नव्हतं. ठकीनं मान वळवायच्या आत वस्तू हातात. रडायच्या आत कडेवर.

तोच नवरा आता बुटाची नाडी बांधत दारात बसला होता.

"आज पाचच्या आत कळवायचंय," ती म्हणाली.

"कळव की."

"काय कळवू?"

"तू म्हणशील ते. मला दोन्ही पटतं."

"दोन्ही कसं पटेल? एकतर मावशींकडे राहील नाहीतर तिकडे जाईल."

तो थोडा वेळ नाडीकडे पाहत राहिला. हा असाच. सासूबाई फोनवर दर आठवड्याला धीर द्यायच्या, "अगं, आमचा तीन वर्षांपर्यंत बोलला नव्हता," आणि दर वेळी तिच्या जिभेवर यायचं, तो अजून तरी कुठे बोलतो.

"मावशींकडे ती खुशीत असते," शेवटी तो म्हणाला.

"खुशीत असते, पण शिकते काय? मावशींना नीट ऐकू येत नाही. ज्या बाईला ऐकू येत नाही तिच्याकडे आपण न बोलणारं मूल ठेवलंय. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायचं, दोघींचं छान जमतं."

लहान मुलांच्या नव्या केंद्राचा फॉर्म भरून तिच्या पिशवीत होता. तिथे भिंतीभर अक्षरं होती, चित्रांचे तक्ते होते, रोज पाऊण तास भाषेचा वर्ग होता, आणि तिथली बाई प्रत्येक वाक्य दोनदा, स्पष्ट, गोड आवाजात म्हणायची. एकच जागा उरली होती. पाचपर्यंत राखून ठेवते म्हणाली होती ती. सही तेवढी राहिली होती, आणि मावशींना सांगायचं राहिलं होतं... ते सांगणंच जड होतं. दीड वर्ष त्या बाईनं आपलं मूल सांभाळलं. आणि आपण त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊलही टाकलं नाही. सकाळी दारात पिशवी द्यायची, "दूध गरम केलेलंय" असं ओरडून सांगायचं, संध्याकाळी दारातूनच उचलायचं. घाई. रोजचीच घाई.

---

खडू टेबलावर ठेवला की तो हमखास घरंगळतो. ठेवताना तिच्या हाताला ते ठाऊक होतं. बोटानं अडवून तिनं तो वहीच्या कडेला टेकवला. पहिलं वर्ष, पेपरचं नाव 'साहित्यविचाराची ओळख', समोर साठ-सत्तर मुलं, त्यातली निम्मी वेळापत्रक चुकल्यासारखी बसलेली.

"हे काय आहे?"

"खडू."

"कुणी सांगितलं?"

वर्ग हसला. नेहमीच हसतो. हा प्रश्न तिचा नव्हता, तिच्या बाईंचा होता. याच विषयाच्या, अशाच एका वर्गात, बारा वर्षांपूर्वी. पण बाई प्रश्न टाकून खिडकीपाशी जायच्या आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. एक मिनिट, दीड मिनिट... पंख्याचा आवाज ऐकू यायला लागायचा, कुणीतरी खोकायचं, बाकं करकरायची, आणि ती शांतता इतकी ताणली जायची की आता ही तुटणार असं वाटायचं. बाई म्हणायच्या, शांततेला भिऊ नका गं, ती रिकामी नसते. मी शेवटून तिसऱ्या बाकावर होते. वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. आणि त्या दिवशी त्या शांततेत माझ्याच तोंडून आलं, "आपण सगळ्यांनी मिळून." बाई वळल्या. "म्हणजे?" आणि पुन्हा थांबल्या! मग मी म्हणत गेले, की शब्द आणि वस्तू यांचं काही जन्माचं नातं नसतं, माणसं एकत्र राहतात, आणि राहता राहता ठरत जातं कशाला काय म्हणायचं ते, आणि जे एकत्र राहत नाहीत त्यांच्यासाठी तो नुसताच पांढरा तुकडा... हे मला आधी माहीत नव्हतं. बोलायला लागल्यावर माहीत झालं. घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते. बाई आता नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. आभार कशाचे मानायचे हेच तेव्हा कळलेलं नव्हतं.

"कुणी सांगितलं?" तिनं पुन्हा विचारलं. एक. दोन. तीन. कुणी बोलेना, आणि तिला नेहमीसारखं वाटलं, काहीतरी सांडतंय आणि आपण नुसतं बघतोय. "आपण सगळ्यांनी मिळून," ती स्वतःच म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

तास बरा चालला होता. समाज, संकेत, संस्कृती... एकच गोष्ट एका घरात एक सांगते आणि शेजारच्या घरात दुसरंच. मागच्या बाकावर एक मुलगी होती, पिशवी मांडीवर घेऊन बसणारी, बसस्टॉपवर बसल्यासारखी. तिनं हात अर्धवट वर केला.

"मॅडम, पण समजा आपण बाहेरचे आहोत. म्हणजे काही लोकांनी त्यांच्यात काहीतरी ठरवलंय, आणि आपण..."

"बरोब्बर," ती म्हणाली, "यालाच आपण संस्कृती म्हणतो. फार चांगला मुद्दा काढलास." आणि ती पाच मिनिटं बोलली, चांगलं बोलली, दोन उदाहरणं तर आयत्या वेळी सुचली. पिशवीवाली मुलगी मान डोलवत ऐकत होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं, मग ते मिटलं.

हे तिनं पाहिलं होतं. पाहिलं आणि तसंच पुढे गेली, रस्त्यात ओळखीचं कुणीतरी दिसावं आणि नाव न आठवल्यामुळे आपण चालत राहावं तसं.

घंटा झाल्यावर मुलगी टेबलाजवळ आली. "मॅडम, माझा प्रश्न जरा वेगळा होता."

"मग बोलायचं ना गं."

"बोलत होते," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. बस चुकली, एवढं सांगितल्यासारखं. "मला एवढंच विचारायचं होतं, की बाहेरच्याला ते कळणार कसं? विचारलं की सांगतात का लोक? की आत जाऊन बसावंच लागतं?"

"उद्या बोलू," ती म्हणाली, कारण अडीच वाजत आले होते आणि पाचच्या आत मावशींना गाठायचं होतं.

---

मावशींचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. ती उंबऱ्याशी थांबली आणि सवयीनं ओरडली, "मावशी, मी आलेय, जरा लवकर!"

मावशींना अर्थातच ऐकू गेलं नाही. कानाचं यंत्र खिडकीत, चष्म्याच्या शेजारी पडलेलं होतं. ते शिट्ट्या मारतं म्हणून त्या काढून ठेवत. सतरंजीवर पाय पसरून त्या मटार सोलत बसल्या होत्या आणि भोवती पाच पोरं. एक चार वर्षांची, भांडी वाजल्यासारख्या आवाजाची मुलगी, जिला सगळे वकीलबाई म्हणत, ती आधी धावत आली.

"चप्पल काढ. आत ये. दारात उभं राहिलेलं मावशीला दिसत नाही."

"मला फक्त पाच मिनिटं..."

"चप्पल काढ," वकीलबाई म्हणाली.

तिनं चप्पल काढली. मावशींनी वर पाहिलं, हसल्या, हातानंच सतरंजीचा कोपरा दाखवला, आणि तिच्या मांडीवर शेंगांचा एक ढीग टाकला, जणू ती रोज याच वेळी येते. बोलायचं वाक्य तिनं रस्ताभर घोटलं होतं : 'मावशी, तुमचे उपकार विसरणार नाही, पण...' त्या 'पण'च्या पुढे सांगायचं होतं. पण हातात शेंग आली की ती सोलावी लागते. अंगठ्यानं टोक दाबलं, शेंग उघडली. आतून गार होती ती. ठकीनं आईला पाहिलं होतं, पण ती धावत आली नाही. कामात असलेल्या माणसासारखी तिनं फक्त नजरेनं दखल घेतली.

वकीलबाईच्या फ्रॉकच्या गळ्याला निळा चिमटा होता.

ती आपल्या मामाच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होती, मावशींच्या अगदी समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून. गोष्ट लांबलचक होती आणि कुत्रा मध्येच मांजर झाला होता, पण मावशी तिच्या ओठांवरून नजर काढत नव्हत्या, आणि बाकीची चार पोरं, हे तिला नवल वाटलं, गप्प होती.

"संपलं," वकीलबाई म्हणाली. चिमटा काढला आणि पुढच्याला दिला.

"हे काय आहे?" तिनं हळूच विचारलं. तिचं तिलाच ऐकू आलं, मघाशी वर्गात विचारलं होतं तसंच.

"चिमटा," वकीलबाई म्हणाली. आणि मग, एवढी मोठी बाई आणि एवढंही ठाऊक नाही म्हणून कीव येऊन, "ज्याला चिमटा त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. सगळे एकदम बोलले की मावशीला फक्त कावळे ऐकू येतात."

तिच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली.

एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, आणि चिमटा ठकीकडे आला. ठकीनं तो दोन्ही हातांनी दाबला, ओठ आवळले, फ्रॉकच्या गळ्याला लावला, हनुवटीच्या खाली, कातडीपासून दोन बोटांवर. मावशींच्या समोर जाऊन उभी राहिली. आणि थांबली. मावशीही थांबल्या. हातातलं काम खाली ठेवून थांबल्या. आईला वाटलं, हिला काहीतरी हवंय, पाणी हवंय, ती घाबरलीय, कुणीतरी काहीतरी द्या तिला... तिचा हात उठलासुद्धा. वकीलबाईनं तो धरून खाली ठेवला.

मग ठकी बोलली.

शब्द नव्हते. एकही नव्हता. पण ते 'अं' नव्हतं, वहीतल्या सतरा प्रकारांपैकी काहीच नव्हतं. ती एक लांब, वळणं घेत जाणारी ओळ होती. चढायची, मध्ये दम खायची, हलक्या आवाजात काहीतरी गुपित सांगायची, मग एकदम ठसक्यात खाली यायची. हात चालत होते. "मग?" मावशी म्हणाल्या. ठकी पुढे सांगू लागली. "अगं बाई... आणि मग?" आणि ठकीनं मान तिरपी केली, एक क्षण थांबली, आणि शेवटाला सूर असा वर नेला की... हा सूर कुणाचा? हा मी ओळखते. फळ्यावरून वळून मुलांना मी म्हणते ना, 'हो की नाही?' — तोच, अगदी तोच. आणि त्याच्या आधीचा तो सुस्कारा, तो सासूबाईंचा फोनवरचा. आणि मध्ये खाल्लेला दम नवऱ्याचा, नाडीकडे बघत असतानाचा. ही आमची सगळ्यांची बोली बोलत होती, आमच्या घराची, शब्द सोडून सगळी. शब्द तेवढे यायचे होते. माणसं आधी येऊन बसली होती.

मावशींनी मान डोलवली. "पटलं," त्या म्हणाल्या. ठकीनं चिमटा काढला, पुढच्याला दिला, आणि आता कुठे आईकडे आली, येऊन मांडीत बसली.

 तिला तसंच मांडीत घेऊन आई मावशींच्या समोर सरकली आणि, पहिल्यांदाच ओरडल्याशिवाय, हळू, ओठ नीट हलवत म्हणाली, "मावशी, ही बोलते हे तुम्ही मला सांगितलं नाहीत कधी."

"तुला नाही माहीत?" मावशींना खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटायचं, आई मास्तरीण, घरी तर दिवसभर पोपटासारखी बोलत असेल. इथंच जरा बुजते म्हणून मी आपली थांबून राहते."

"घरी... घरी तिला बोलावंच लागत नाही."

"म्हणजे?"

आणि मावशी थांबल्या. चष्म्याशिवायचे डोळे बारीक करून, तिच्या ओठांकडे पाहत. त्या थांबण्यात कसली घाई नव्हती, उत्तराचा आग्रह नव्हता, खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका बाईचं ते थांबणं होतं. बारा वर्षांनी कुणीतरी आपल्यासाठी पुन्हा थांबलंय असं तिला वाटलं. डोळे भरून आले. ते लपवायला तिनं शेंगांत मान घातली.

"रोज सकाळी ती चिमटा लावून माझ्यासमोर उभी राहते," मान वर करून ती म्हणाली. "आणि मी काढून घेते. लागेल म्हणून."

मावशींनी थोडा विचार केला. "आता नको काढूस," त्या म्हणाल्या. एवढंच. मग, "डॉक्टरला दाखव हो पण. दाखवायचं ते दाखवायचंच. मला काय, ऐकू येत नाही म्हणून मी थांबते, त्यात माझी हुशारी कसली." आणि पुढे, "तू काही सांगायला आली होतीस का?"

"हो," ती म्हणाली. "नाही. मटार संपू देत आधी."

---

घरी पोचायला पाऊण तास लागला, एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता. ठकीला रस्त्यातल्या गटाराच्या प्रत्येक जाळीच्या झाकणावर थांबून आत पाहायचं होतं आणि तिनं पाहू दिलं. आत काय दिसतं ते विचारलं नाही, सांगितलंही नाही. पिशवीत फॉर्म होता. फेकला नव्हता तिनं. नव्या केंद्रातल्या बाईबद्दल मनात काही वाकडं नव्हतं. कदाचित तिथेही ठकीचं चांगलंच झालं असतं, कदाचित होईलही. दोन महिन्यांनी डॉक्टर काय म्हणतील कुणास ठाऊक. काळजी होती तिथेच होती, दगडासारखी, पण दगडाला टेकून बसता येतं हे तिला नव्यानं कळत होतं. आणि मनात ओळीनं माणसं येत होती, आभार मानायची राहिलेली : बाई, चिमट्याचा अर्थ सांगणारी चार वर्षांची एक वकील, वाट बघा म्हणणारे डॉक्टर, ज्यांना तिनं मनातल्या मनात किती बोल लावले होते, दोन्ही पटणारा नवरा, आणि पिशवीवाली मुलगी. उद्या तिला उत्तर द्यायचं होतं. नाही, उद्या तिला पुन्हा विचारायला लावायचं होतं, पहिल्यापासून, आणि आपण खिडकीपाशी जायचं होतं.

घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. फोन ओट्यावर, वहीच्या शेजारी. तिनं दोन्हींकडे पाहिलं.

मागे टोपली पालथी झाल्याचा आवाज आला. लाल, पिवळे, पांढरा, सगळे जमिनीवर. ठकीनं त्यातून निळा उचलला, दाबला, गळ्याला लावला आणि येऊन समोर उभी राहिली.

आई जमिनीवर बसली, तिच्या उंचीला. दोन्ही हात तिनं स्वतःच्या मांड्यांखाली घातले, कारण हातांचा भरवसा नव्हता. चिमट्याचा तपकिरी डाग दिसत होता, दिसू दिला. तहान लागली असेल... असेल. झोप आली असेल. दिवा हवा असेल. बाहेर जायचं असेल, मावशी आठवली असेल, जाळीच्या झाकणाखालचं काहीतरी असेल... एकेक अर्थ येऊन हजर होत होता, वहीत बसायला तयार, आणि ती एकेकाला जाऊ देत होती. मोरीतला नळ ठिबकत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. ओट्यावर फोन एकदा थरथरून गप्प झाला. शांतता ताणत गेली, आणि ती भीत होती, अजूनही भीत होतीच, पण शांतता रिकामी नव्हती. तिच्यात एक लहान माणूस, चिमट्यासकट, काहीतरी जुळवत उभं होतं.

ठकीचं तोंड किंचित उघडलं.

ती काय म्हणणार आहे, हे आईला काही केल्या कळेना. गेल्या कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच कळेना. आणि तिला एकदम इतकं हलकं, इतकं श्रीमंत वाटलं, की मांडीखालच्या मुंग्या आलेल्या हातांसह ती तशीच, ओठांकडे बघत, बसून राहिली.

"मग?" ती म्हणाली.